अन्सेल्मो घराबाहेर पडतात का?

माझ्या गाडीच्या डिकीत रबराचे रंगीत पट्टे असतात, गुडघा किती वाकतो ते मोजायचा प्लास्टिकचा कोनमापक असतो, रुग्णाच्या कंबरेला बांधायचा रुंद पट्टा असतो, जमिनीवर खुणा करायला निळी चिकटपट्टी असते, आणि सपाता असतात. सपाता माझ्या स्वतःच्या. मी अमेरिकेत, कॅरी नावाच्या गावात लोकांच्या घरी जाऊन फिजिओथेरपी देते आणि दारात बूट काढल्याशिवाय मला कुणाच्या घरात पाऊल टाकवत नाही. अमेरिकन रुग्णांना याची गंमत वाटते. एका आजोबांनी तर माझ्यासाठी दाराशी छोटी चटई घालून ठेवली होती.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादक काकूंनी मला तीनदा फोन केला. "तुझ्या कामाबद्दल लिही गं, तुम्हा मुलींचं काय चालतं ते आम्हाला कळू दे." मी नाशिकला इंग्लिश मीडियमला शिकले. मराठी माझा शंभर मार्कांचा एक विषय होता आणि त्यातले निबंध मी पाठ करून लिहायचे. पण आई म्हणते ते खरं आहे: मी बोलते कमी आणि लिहिते जास्त. हा लेख त्या सवयीबद्दलच आहे.

गमतीचे रुग्ण पुष्कळ भेटले. एका आजींचा पोपट व्यायामाचे आकडे माझ्याबरोबर मोजायचा आणि सातानंतर एकदम दहा म्हणायचा. आजी माझं न ऐकता पोपटाचं ऐकायच्या. एक गृहस्थ टीव्हीवर जाहिराती लागल्या तरच पाय उचलायचे. अशा गोष्टींनी पानं भरता आली असती. पण लिहायला बसले की मला एकच माणूस दिसतो.

त्याआधी आमच्या कामातला एक नियम सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. घरी येऊन मिळणारी थेरपी इथे कुणालाही मिळत नाही. ज्याला घराबाहेर पडणं फार कष्टाचं आहे, त्यालाच ती मिळते. डॉक्टरकडे जाणं, प्रार्थनेला जाणं, कधीतरी थोडा वेळ बाहेर पडणं चालतं. पण माणूस रोज उठून बाहेर जायला लागला, की विम्याच्या दृष्टीनं तो घरात अडकलेला उरत नाही, आणि आमचं येणं बंद होतं. म्हणजे ज्याच्यासाठी आम्ही राबतो, तेच जमलं की आम्ही जायचं. एका अर्थी बरोबर आहे. पण बरं होणं आणि रोज बाहेर पडायला लागणं यांच्या मध्ये बरेच आठवडे असतात, आणि त्या आठवड्यांत माणूस पडतो.

हा नियम पहिल्या भेटीत तोंडी समजावून सांगायचा असतो. टॅब्लेटवर एक ओळ येते: 'नियम समजावून सांगितला, रुग्णाला समजला.' तिच्यापुढच्या चौकोनात खूण करायची आणि खाली रुग्णाची सही घ्यायची. माझे सहकारी यावर पाच मिनिटं बोलतात. अनोळखी माणसासमोर सलग पाच मिनिटं बोलणं मला जमत नाही. त्यामुळे मी टॅब्लेट पुढे करायचे आणि म्हणायचे, "इथे सही करा." लोक करायचे. तीन वर्षं कुणी काही विचारलं नाही.

अन्सेल्मोंनीही विचारलं नाही.

हे त्यांचं खरं नाव नाही. जानेवारीत मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले, तेव्हा ते बहात्तर वर्षांचे होते. उजव्या गुडघ्यात बसवलेला कृत्रिम सांधा सैल झाला होता आणि तो पुन्हा उघडून नवीन बसवला होता. मांडीचा स्नायू पार वितळून गेला होता. फाइलमध्ये व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं होतं: निवृत्त, फुटबॉल. घरात मात्र खेळाचा एकही फोटो नव्हता. बायकोचा एक होता, ती वारली होती. मुलगी एलेना दूर दुसऱ्या राज्यात, शॉमबर्गला एका कंपनीत होती आणि रोज संध्याकाळी फोन करायची. फ्रिजवर चुंबकाखाली स्पॅनिशमध्ये छापलेलं एक पत्र लावलेलं होतं.

रुग्णाला हात लावण्याआधी मी तळवे एकमेकांवर चोळते. कॉलेजात आमच्या मॅडमनी लावलेली सवय. गार हात लागला की स्नायू आखडतो आणि मग आपण मोजतो ते खोटं निघतं. मी तळवे चोळले तसे अन्सेल्मो हसले.

"आमच्या क्लबचा डॉक्टरही असंच करायचा, दोक्तोरा."

मी डॉक्टर नाही, थेरपिस्ट आहे, असं मी त्यांना दोनदा सांगितलं. मग सोडून दिलं.

मला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं, आणि ते त्यांना सोयीचं वाटलं असावं. गुडघा वाकवताना रुग्ण दुखण्याकडे लक्ष जाऊ नये म्हणून बोलतात. ते खेळाबद्दल बोलायचे. उत्तर स्पेनमधल्या एका खाणींच्या गावचा क्लब. बहुतेक वर्षं लीगच्या दुसऱ्या पायरीवर, दोन मोसम पहिल्या. हे डाव्या कडेचे बचावपटू. अकरा वर्षांत गोल किती, असं मी विचारलं.

"एक. आमच्याच जाळ्यात."

मग म्हणाले, "माझं काम गोल करणं नव्हतं. माझ्या समोरून धावणाऱ्या पोराचं नाव दुसऱ्या दिवशी पेपरात येऊ न देणं, हे माझं काम. त्याचं नाव आलं नाही म्हणजे मी चांगलं खेळलो. माझं नाव? ते संघाच्या यादीत असायचंच."

डॉक्टरबद्दल ते तुकड्यातुकड्यांनी बोलले. गुडघा विसाव्या वर्षापासून दुखायचा. हाफ टाइमला डॉक्टर यायचा, तळवे चोळायचा, सुई टोचायचा. पाच-दहा मिनिटांत दुखणं गायब, आणि पुन्हा मैदान. सुईत काय आहे ते त्यानं कधी सांगितलं नाही. दर मोसमाच्या सुरुवातीला एक कागद यायचा, त्यावर सगळे खेळाडू सही करायचे.

"कुणी विचारलं नाही?" मी म्हटलं.

"फार सभ्य माणूस होता. स्वच्छ शर्ट, हलका हात. त्याला विचारणं बरं दिसलं नसतं."

एकतिसाव्या वर्षी, घरच्याच मैदानावर, सुई घेऊन उतरल्यावर पंधरा-वीस मिनिटांत तो गुडघा निखळला. जोरात आवाज झाला, पण दुखलं नाही, आणि त्यालाच ते घाबरले. त्यांना स्ट्रेचरवर घालून कोपऱ्यातल्या फाटकातून बाहेर नेलं, कारण अँब्युलन्स तिकडे होती. त्यानंतर ते त्या मैदानावर कधी गेले नाहीत. गावात इंग्रजी शिकवायला आलेल्या एका अमेरिकन बाईशी लग्न करून इकडे आले आणि पंचवीस वर्षं कॅरीतल्या मुलांना फुटबॉल शिकवला.

फ्रिजवरचं पत्र त्या क्लबचं होतं. जुनं मैदान पाडणार होते. मे महिन्यात शेवटचा सामना, आणि सामन्यानंतर जुन्या खेळाडूंनी मधल्या वर्तुळात जमून खेळाडूंच्या दारानं, चालत, बाहेर पडायचं. एलेनानं दोघांची तिकिटं काढली होती.

"मी तिथून आडवा बाहेर आलो," अन्सेल्मो म्हणाले. "मला उभं बाहेर यायचंय."

वर्तुळापासून दारापर्यंत चाळीस मीटर. मी त्यांच्या घरातल्या बोळात निळी चिकटपट्टी लावली. पाच फेऱ्या म्हणजे चाळीस मीटर. जानेवारीत ते वॉकर धरून एक फेरी मारायचे आणि भिंतीला टेकून शिव्या द्यायचे. कोणत्या ते मला कळायचं नाही, म्हणून मला लाजही वाटायची नाही. फेब्रुवारीच्या शेवटी पाच फेऱ्या झाल्या, वॉकरशिवाय, काठीवर.

मग एके दिवशी मी दाराशी सपाता बदलत असताना शेजारच्या अंगणातून हाक आली.

"मराठी का गं तू?"

ते ठोंबरे काका. नागपूरचे, एस.टी.तून निवृत्त, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले. मुलगा आणि सून कामावर गेले की दिवसभर एकटे. माझ्या गाडीत आरशाला टांगलेला छोटा गणपती त्यांनी बघून ठेवला होता. मी हो म्हटलं.

"मग दोन महिने झाले, मान खाली घालून जातेस! अगं, माणसाशी दोन शब्द बोललं तर काय जीभ झिजते?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुझा पेशंट आता माझा दोस्त झालाय. आम्ही ग्राउंडवर जातो रोज."

मी थबकले. "रोज?"

"रोज पाच वाजता. घराच्या मागून पायवाट आहे ना, तिकडून. मध्ये बाक आहे, तिथं बसतो. मी त्याचा दंड पकडतो. अगं, चालून राहिला ना तो! गवतावर!" काकांचा चेहरा असा झाला होता, की जणू त्यांनीच अन्सेल्मोंना चालायला शिकवलं. "इंग्लिश मला येत नाही आणि त्याला माझं कळत नाही, पण अन्सेलभाऊ एक शब्द शिकला. हळू. तो म्हणतो अलू, अलू. मी कबड्डी खेळायचो. गुडघा गेलेला माणूस मला कळतो."

मी आत गेले. अन्सेल्मो खुर्चीत चोरासारखे बसले होते.

"त्यानं सांगितलं वाटतं."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू रागावशील म्हणून. दोक्तोरा, बोळात गवत नाही."

त्यांचं बरोबर होतं. सपाट लाकडी जमिनीवर चालणं वेगळं आणि गवतावर वेगळं. गवतात पाय किंचित खाली जातो, घोटा डगमगतो, वॉकरची चाकं रुततात. चाळीस मीटर गवतावरचे होते. हे मला आधीच सुचायला हवं होतं.

पुढच्या भेटीला मी मुद्दाम संध्याकाळी पाचला गेले आणि त्यांच्याबरोबर मैदानावर गेले. कॅरीतल्या त्या मैदानाच्या एका बाजूला आपली पोरं टेनिस बॉलनं क्रिकेट खेळतात आणि दुसऱ्या बाजूला लहान मुलांचा फुटबॉल चालतो. अन्सेल्मो डाव्या कडेच्या पांढऱ्या रेषेबाहेर जाऊन उभे राहिले. त्यांनी काठी काकांच्या हातात दिली. एका पायावरून दुसऱ्या पायावर वजन घेत, मान वळवत, ते उभे राहिले. चेंडू डावीकडे आला की त्यांचा खांदा आपोआप आत वळायचा. त्या बाजूच्या मुलीला ते हळू आवाजात सांगत होते: थांब, थांब, त्याला आत येऊ दे, आता. तिनं चेंडू काढून घेतला. त्यांनी काही केलं नाही, फक्त श्वास सोडला.

काका मला म्हणाले, "बघ, आता कोण म्हणेल हा म्हातारा आजारी आहे म्हणून?"

त्या दिवशी मी गाडीत बसून रिपोर्ट लिहिला. आमच्या कामात दर भेटीचा रिपोर्ट लागतो. बहुतेक जण चार ओळींत उरकतात. मी पान भरलं. पायवाटेचं अंतर, मध्ये किती वेळ बसले, गवतावर काठीनं किती पावलं, रेषेजवळ आधाराशिवाय चाळीस मिनिटं उभे, दोन्ही पायांवर वजन सारखं, तोल एकदाही गेला नाही, रोज शेजाऱ्यांबरोबर हा उपक्रम चालू. मुलांना सूचना देतानाही तोल सांभाळतात, तेही लिहिलं. विम्यानं मंजूर केलेला साठ दिवसांचा टप्पा संपत आला होता आणि मला अजून आठ आठवडे हवे होते. एवढी प्रगती वाचल्यावर नाही कोण म्हणणार, असं मला वाटलं. पाठवायचं बटण दाबताना मी खूश होते, हेही लिहायला हवं.

तिसऱ्या दिवशी आमच्या सुपरवायझर डनीसचा फोन आला.

"तुझी नोट वाचली. सुंदर लिहितेस. प्रॉब्लेम तोच आहे."

"म्हणजे?"

"रोज, हनी. तू 'रोज' लिहिलंस. दोनदा. रोज मैदानावर जाणारा माणूस घरात अडकलेला कसा? केस बंद करावी लागेल. क्लिनिकला जाऊ दे त्याला."

मी म्हटलं, क्लिनिक पंचवीस मिनिटांवर आहे, उजव्या पायामुळे ते गाडी चालवू शकत नाहीत, ते मैदानावर थेरपीसाठीच जातात. डनीसनं ऐकून घेतलं. ती वाईट बाई नाही.

"तू त्याला पहिल्या दिवशी नियम सांगितला होतास ना?" तिनं विचारलं. "इथे खूण दिसतेय."

मी म्हटलं, "हो."

एवढाच शब्द. मला त्याला एक क्षणही लागला नाही.

शेवटच्या भेटीत मी अन्सेल्मोंना व्यायामांचे छापील कागद दिले. केस बंद झाल्याचं सांगितलं.

"कुणी केली?"

"वरून निर्णय आला," मी म्हटलं. इंग्रजीत असं वाक्य करता येतं की त्यात कुणीच काही केलेलं नसतं. मराठीतही येतं, आत्ता लिहिताना कळलं.

त्यांनी मान हलवली. फ्रिजवरच्या पत्राकडे पाहिलं. "सात आठवडे," म्हणाले. मग मला दारापर्यंत सोडायला आले, काठीवर, माझ्याशी पैज असल्यासारखे, भिंतीला न टेकता.

बाहेर काका झाडांना पाणी घालत होते. रोज बाहेर जातात म्हणून थेरपी बंद झाली, एवढं मी त्यांना सांगितलं.

"कोण गाढव असं लिहून देतं गं?" ते भडकले होते. "त्यांना कळलं कसं? इथं कुणाला माहीत आहे, सांग बरं! मी तुला बोललो, ते मराठीत बोललो. आणि तू..."

ते थांबले. माझ्या खांद्याला अडकवलेल्या टॅब्लेटकडे त्यांनी पाहिलं. पाण्याचा पाइप तसाच चालू होता, त्यांच्या चपला भिजत होत्या. मग ते वळले आणि कुंपणाजवळच्या रोपाला पाणी घालू लागले. त्या रोपाला मघाशीच घालून झालं होतं.

मार्चच्या शेवटी त्यांचे सहा महिने संपले आणि ते नागपूरला परत गेले. जाताना मला भेटले नाहीत.

मी डनीसला पुन्हा फोन केला, एक पत्र लिहिलं, तेही छान लिहिलं. उत्तर तेच आलं. क्लिनिकला न्यायला रुग्णांची गाडी यायची. अन्सेल्मो दोनदा गेले. तिसऱ्यांदा ती तास-दीड तास आली नाही, तेव्हा त्यांनी नाद सोडला. हे मला एलेनानं नंतर सांगितलं. केस बंद झाल्यावर आम्ही रुग्णाला भेटायचं नसतं. त्या रस्त्यावर माझे दुसरे रुग्ण होते. मी त्या वसाहतीवरून आठवड्यातून तीनदा जायचे आणि गाडी हळू करायचे नाही.

एप्रिलमध्ये ते एकटेच मैदानावर गेले. दुपारी पाऊस पडून गेला होता. पायवाट त्यांनी पार केली, बाकावर बसले, पुन्हा उठले, रेषेपर्यंत पोचले. तिथे ओल्या गवतावर काठी सरकली. खुबा मोडला. खेळ अजून सुरू व्हायचा होता, त्यामुळे पहिली गाडी येईपर्यंत ते तिथेच पडून होते. मुलाला घेऊन आलेल्या एका बाईनं अँब्युलन्स बोलावली. इथेही अँब्युलन्स कोपऱ्यातल्या फाटकाशीच उभी राहते. ते मी नंतर जाऊन पाहिलं.

तेव्हापासून मी पहिल्या भेटीत आधी बोलते. टॅब्लेट पिशवीत ठेवते, समोर बसते आणि नियम सांगते. काय चालतं, काय चालत नाही, आणि मला काही दिसलं तर मी ते लिहिणार, हेसुद्धा. खोटं लिहीत नाही. तोंडातल्या तोंडात बोलते, मध्ये अडखळते. रुग्ण प्रश्न विचारतात. त्यांना प्रश्न असतात, हे मला तीन वर्षांत माहीत नव्हतं. अन्सेल्मोंना सांगितलं असतं तर त्यांनी नक्की विचारलं असतं: मग गवत कुठे मिळेल? आणि आम्ही त्यांच्या मागच्या अंगणात चाळीस मीटरची फेरी आखली असती. तिथे गवत होतं. काकांनी दंड धरला असता.

मे महिन्याच्या शेवटी मी त्यांना भेटायला गेले. ऑपरेशननंतर त्यांना शहराबाहेरच्या एका देखभाल केंद्रात ठेवलं होतं. एलेनाला मी मेसेज केला होता, तिनं हरकत घेतली नाही. रविवारची सकाळ होती. मी गणवेशाशिवाय होते, त्यामुळे त्यांनी मला क्षणभर ओळखलं नाही.

"दोक्तोरा! बूट काढलेस का?"

मी खाली पाहिलं. दाराशीच काढले होते.

ते बिछान्यात खूप लहान दिसत होते. उजवी मांडी पुन्हा जानेवारीसारखी झाली होती. व्यायाम होतात का, असं विचारल्यावर त्यांनी हात नुसता हलवला. मग एलेनानं ठेवलेल्या टॅब्लेटवर मला शेवटच्या सामन्याचा व्हिडिओ दाखवला. पंधरा-सोळा म्हातारे वर्तुळातून दाराकडे येत होते. एकाला दोघांनी धरलं होतं. लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते.

"गवत कापलं नाही त्यांनी," अन्सेल्मो म्हणाले. "वॉकर नेला असता तर अडकला असता."

मैदान आता पाडून झालंय का, ते मी विचारलं नाही.

मग त्यांनी उशाशी ठेवलेल्या पुस्तकातून घडी घातलेला कागद काढला. माझा रिपोर्ट होता. केस बंद झाल्यावर एलेनानं सगळी कागदपत्रं मागवली होती. साठेक पानं आली. तिनं त्यांना फोनवर हे पान वाचून दाखवलं आणि त्यांनी ते छापून पाठवायला सांगितलं. म्हणजे मार्चपासून त्यांना माहीत होतं.

"अकरा वर्षं खेळलो," ते म्हणाले. "माझ्याबद्दल कुणी एवढं लिहिलं नव्हतं. इथे बघ, 'तोल एकदाही गेला नाही'. फक्त चाळीस मिनिटं चूक आहे. पंचावन्न होती."

"सॉरी," मी म्हटलं.

"कशाबद्दल? खोटं काय आहे यात? तू पाहिलंस ते लिहिलंस."

मी तिथेच थांबू शकले असते. त्यांनी मला जायची वाट करून दिली होती. पण मी त्या पानावर खोटं लिहिलं नव्हतं, ते दुसऱ्या पानावर होतं, आणि ते पान त्यांनी छापून घेतलं नव्हतं.

"पहिल्या दिवशी मी तुमची एक सही घेतली," मी म्हटलं. "रोज बाहेर गेलं तर माझं येणं बंद होतं, असा नियम आहे. तो मी तुम्हाला सांगायचा होता. सांगितला नाही. सांगितला म्हणून खूण केली."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला जरा सोपं गेलं असतं.

"का नाही सांगितलास?"

"मला बोलायला जमत नाही."

बाहेर बोळात कुणाचा तरी वॉकर टकटकत जात होता. तो आवाज पार दूर जाईपर्यंत अन्सेल्मो ऐकत राहिले. कागदाची घडी घातली. पुस्तकात मात्र ठेवली नाही, पांघरुणावर ठेवली.

"क्लबचा तो डॉक्टरही कमी बोलायचा," ते म्हणाले.

मग त्यांची नजर खाली गेली. मी पाहिलं, तर माझ्या मांडीवर माझे तळवे एकमेकांवर चोळले जात होते.